बुंदीच्या रेनकोटाला कळी

एका सकाळी जास्वंदीची फुलं काढायला गेले, तर कंपाउंडच्या भिंतीवरून आधी शिवणकामाची टेप आली आणि तिच्यामागून वहिनींचा हात.

“ताई, जरा हे टोक धरा.”

मी धरलं. आमच्या दोन बंगल्यांमधली ही भिंत छातीइतकी उंच. 30 वर्षांत तिच्यावरून विरजण गेलंय, लोणच्याच्या बरण्या गेल्यात, एकदा तर वहिनींचा नातू रांगता असताना या हातातून त्या हातात गेलाय. टेप मात्र पहिल्यांदाच. दुसरं टोक कुठे आहे म्हणून वाकून पाहिलं, तर ते बुंदीच्या शेपटीपाशी. बाईसाहेब पुढचे दोन पाय भिंतीवर टेकून, माझ्या फुलांच्या परडीत नाक घालून उभ्या.

“कशाचं माप?”

“रेनकोटाचं.”

“बुंदीच्या?”

“नाहीतर काय यांच्या? यांना गेली 10 वर्षं तोच आहे.”

बुंदी म्हणजे वहिनींची काळी लॅब्रॅडॉर. पिल्लू असताना तिने नैवेद्याच्या ताटातला बुंदीचा लाडू उचलला, तेव्हापासून हे नाव. वय 5, वजन 34 किलो. त्यातले 4 किलो तरी वहिनींच्या तूप लावलेल्या पोळ्यांचे. मी हे त्यांच्या तोंडावर म्हणते, तेव्हा इथे लिहायला काही हरकत नाही.

तर बातमी अशी, की सूनबाईंनी या पावसाळ्यात बुंदीबरोबर फोटो काढायचं ठरवलंय. दोघींनी एकसारखे रेनकोट घालून, वेताळ टेकडीवर, आणि तोही मोबाइलवर नाही, माणूस बोलावून. पिवळेधमक दोन रेनकोट घरपोच आले. सूनबाईंचा बसला. बुंदीचा पाठीवर छान बसला, पण पोटाखालचा पट्टा काही लागेना. चांगला चार बोटं कमी. परत करावा तर मुदत टळलेली, कारण दादांनी आलेलं खोकं जिन्याखाली ठेवलं आणि आठ दिवस तोंडातून शब्द काढला नाही. “का सांगितलं नाही म्हटलं, तर म्हणतात, कुणी विचारलंच नाही!” वहिनी एवढं म्हणाल्या आणि आत पेपर वाचणाऱ्या दादांनी पेपरचं पान जरा मोठ्याने उलटलं.

“पण माप देऊनच मागवला असेल ना?”

“माप कसलं, वजन विचारलं. दिलं.”

इथेच घोटाळा झाला. वजनावरून काय कळणार? माझी धाकटी नणंद आणि मी, दोघींचं वजन एक, पण तिचा ब्लाउज मला दंडातही चढत नाही. कुत्र्याची मापं तीन. एक गळ्याचं. दुसरं पुढच्या पायांच्या मागे छाती जिथे सर्वांत रुंद असते तिथलं, आणि लॅब्रॅडॉरचं सगळं ऐश्वर्य तिथेच असतं. तिसरं मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीचं. आणि ही मापं कुत्रं चारी पायांवर सरळ उभं असताना घ्यायची, भिंतीवर पाय ठेवून परडीत डोकावताना नाही. “उतरवा तिला आधी,” मी म्हटलं. मग मी फाटकातून पलीकडे गेले आणि आम्ही दोघींनी तिला नीट उभं करून पुन्हा मापं घेतली. दोन बोटं आत जातील एवढी ढील धरून. बुंदी उभी राहिली, कारण वहिनींच्या मुठीत शेंगदाणे होते.

मापं घेऊन वहिनी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मास्टरांकडे गेल्या. बुंदीला बरोबर घेऊन. ती हकिकत त्यांनी मला दुपारी भिंतीवर कोपर टेकून, अगदी हातवारे करून सांगितली.

मास्टरांनी आधी चष्मा पुसला. मग विचारलं, “वहिनी, पुढच्या दोनांना बाह्या म्हणायच्या की पायजमा?” वहिनी म्हणाल्या, काहीही म्हणा, पण पोटाखाली लागू दे. मास्टरांनी टेप टाकली, तोच बुंदीने त्यांचा कान चाटला. “40 वर्षं ब्लाउज शिवतोय, पण असं गिऱ्हाईक नाही आलं,” मास्टर म्हणाले. पण माणूस कसबी. कोट उलटासुलटा करून म्हणाले, दोन्ही बाजूंना कळ्या घालू. बगलेत घालतात तशाच. पण कापड याच रंगाचं पाहिजे, नाहीतर ठिगळ दिसेल.

त्याच रंगाचं कापड आणायचं कुठून? मास्टरांनीच तोड काढली. सूनबाईंच्या रेनकोटाबरोबर पँट आली होती की. ती कापायची.

“म्हणजे बुंदीच्या पोटाला सूनबाईंची पँट?”

“म्हणजे खरं मॅचिंग!” वहिनी हसता हसता भिंतीवरच डोकं टेकून बसल्या.

एक अडचण मी सांगितली. रेनकोटाला शिवण घातली की सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी शिरतं. तयार रेनकोटाला आतून शिवणीवर पट्टी चिकटवलेली असते ती त्यासाठीच. मास्टरांकडे ती पट्टी नव्हती. मग वहिनींनी संध्याकाळी देवघरातली मेणबत्ती घेऊन शिवणीवर घासली. पहिल्या सरीला टिकेल, दुसऱ्या सरीला देव जाणे. फोटोपुरतं पुरे.

दादांचा या सगळ्यालाच विरोध. ते पेपरातून डोकं वर न काढता बोलतात, पण बोलतात ते बहुधा खरं असतं, म्हणून तर राग येतो. “लॅब्रॅडॉर ही जात न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांची,” ते म्हणाले. “बर्फासारख्या पाण्यात उडी मारून जाळी ओढायची, गळाला लागून सुटलेले मासे धरून आणायचे. अंगावर दोन थरांचे केस, वरचा तेलकट. पाणी आत शिरतच नाही. तिला रेनकोट म्हणजे माशाला छत्री.”

“पाणी आत शिरत नाही, पण माझ्या सोफ्यात शिरतं ना!” वहिनी.

दोघांचंही बरोबर आहे. बुंदीला रेनकोटाची गरज नाही, वहिनींच्या सोफ्याला आहे. आणि फोटोला आहे. हे एकदा कबूल केलं की पुढचं सगळं सोपं जातं. मला राग येतो तो, कुत्र्याला किती आवडतं बाई नटायला, असं म्हणणाऱ्यांचा. कुत्र्याला आवडतं तुम्ही जवळ असणं, आणि मुठीतले शेंगदाणे. ते मिळत असतील तर वरून काय घातलंय ते तो चालवून घेतो. तेही काही वेळच.

चालवून घेत नाही तेव्हा काय होतं, ते गेल्या रविवारी गच्चीवर दिसलं. रंगीत तालीम होती. कळ्या घातलेला कोट अंगावर चढवला मात्र, बुंदीचा पुतळा झाला. हलेना, बसेना, शेंगदाण्याकडेही बघेना. मग दोनदा जांभई दिली, नाक चाटलं, आणि मान तशीच ठेवून फक्त डोळे आमच्याकडे फिरवले, पांढरं दिसेपर्यंत. सूनबाई म्हणाल्या, “अय्या, कित्ती शांत बसलीये!” ती शांत नव्हती, घाबरली होती. झोप आलेली नसताना दिलेली जांभई, उगाच नाक चाटणं, शेपूट पोटात, कान मागे, ही सगळी ‘पुरे करा’ म्हणायची त्यांची भाषा. आमच्या मोत्याने मला 14 वर्षांत शिकवलेली.

तेव्हापासून रोज 5 मिनिटं अभ्यास चाललाय. पहिल्या दिवशी कोट नुसता जमिनीवर आणि त्याच्यावर शेंगदाणे. दुसऱ्या दिवशी पाठीवर टाकून लगेच काढला. मग गळ्याचं एक बटण. काल पट्टा लावून अंगणात दोन फेऱ्या मारल्या, आणि तिने वाटेत मांजराकडे बघून भुंकूनही घेतलं. भुंकली म्हणजे सुटलो. पुतळे भुंकत नाहीत.

आता फोटोग्राफरचं सांगते. तो सूनबाईंचा भाऊ. एरवी लग्नांचे फोटो काढतो आणि डिसेंबरात त्याला फोन लावाल तर उचलणारसुद्धा नाही. पण आषाढी एकादशी झाली, चातुर्मास लागला, आता तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत. तेव्हा पोरगा रिकामा. “ताई, या दिवसांत मी बारसं, बोअरवेल, कुत्रा, काहीही काढतो,” असं म्हणाला. पैसे घेणार नाही, भजी खाणार.

पण काम चोख हं त्याचं. परवा येऊन तासभर व्हरांड्यात बसला आणि काय काय सांगून गेला. सूनबाईंना आधी लाल रेनकोट हवा होता, हिरव्या टेकडीवर उठून दिसेल म्हणून. हाच म्हणाला, पिवळा घे. काळी कुत्री, काळे ढग, मागे हिरवं, पिवळाच खुलेल. दादांनी पेपरामागून भर घातली, की कुत्र्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्या तीन. त्यांना निळं आणि पिवळं नीट कळतं, लाल मात्र मातकट दिसतं.

वहिनी एकदम गंभीर झाल्या. “म्हणजे माझी लाल इरकल तिला मातकट दिसते?”

“दिसत असणार.”

“तरीच मेली तिच्यावर चिखलाचे पाय ठेवते.”

भाच्याने (माझा नाही, पण आता भाचाच म्हणते) कोटावरच्या त्या चमकणाऱ्या पट्ट्या पाहून कपाळाला हात लावला. रात्री गाडीच्या दिव्यात दिसाव्यात म्हणून त्या असतात, रस्त्यावर फार चांगल्या, पण फ्लॅश मारला की फोटोत ट्यूबलाइट पेटल्यासारख्या येतात. शिवाय कुत्र्याच्या डोळ्यांत मागे आरशासारखा पडदा असतो, त्यावरून उजेड परत फिरतो आणि डोळे हिरवे भुतासारखे येतात. म्हणून फ्लॅश नाही. ढगाळ सकाळ हाच दिवा. आणि काळ्या कुत्र्याचं आणखी एक. समोर काळंच काळं दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो आपण होऊन उजेड वाढवतो. मग कुत्रा राखाडी येतो आणि पिवळा कोट पांढराफटक. तो उजेड हाताने उतरवावा लागतो. नवरी सावळी आणि शालू चंदेरी असला की आम्ही हेच करतो, म्हणाला. मला पटलं.

मग त्याने मोबाइलवर दोन जुने फोटोग्राफर दाखवले. एक अमेरिकेतला विल्यम वेगमन. त्याने 1970 च्या सुमारास वायमरानर जातीचा कुत्रा पाळला, त्याचं नाव ठेवलं मॅन रे, एका कलावंताच्या नावावरून. त्याचे फोटो काढता काढता आयुष्यच त्यात गेलं. पुढच्या कुत्र्यांना तर त्याने कोट, झगे, काय काय घातलं. कुत्रा स्टुलावर बसतो, मागे माणूस लपतो आणि बाह्यांतून माणसाचे हात येतात! वहिनींनी तो फोटो पाहिला आणि दादांना हाक मारली, “अहो, हा बघा, तुमच्या लग्नातल्या सुटातला फोटो.” दादा आले नाहीत.

दुसरा एलियट अर्विट. त्याचा 1974 चा न्यूयॉर्कमधला एक फोटो आहे. जमिनीला टेकवलेला कॅमेरा. डावीकडे मोठ्या कुत्र्याचे नुसते पुढचे लांबलचक पाय, मध्ये बाईचे बूट, आणि उजवीकडे एक एवढुसं चिवावा कुत्रं, अंगात कोट आणि डोक्यावर टोपी घालून सरळ आपल्याकडे बघतंय. बाईचा चेहराच नाही त्यात. मोठ्या कुत्र्याचाही नाही. मी किती तरी वेळ तो फोटो बघत राहिले. एवढुशा कुत्र्याच्या उंचीवरून जग दिसतं ते असं, नुसते पाय.

“म्हणून सांगतो, दीदी,” भाचा सूनबाईंना म्हणाला, “तू उभी आणि ती खाली, असा फोटो मी काढणार नाही. तू खाली बसायचंस. चिखलात. तुझं तोंड तिच्या तोंडाशी. मी पण ताडपत्री टाकून पालथा पडणार.”

“चिखलात? माझी पँट तर बुंदीच्या पोटाला लावलीये!”

आता याला काय म्हणावं. माझ्या मुलाची गड चढायची जुनी पँट माळ्यावर आहे, ती काढून देते म्हटलं. कमरेला मोठी होईल, पण बसलेल्या माणसाची कंबर फोटोत येत नाही.

हे सगळं चाललं असताना मला मुळशीच्या आजोळची आठवण झाली. भातलावणीला सगळे इरली घ्यायचे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि वर पानं, डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारं. वाकून काम करताना छत्री काय कामाची! ज्याच्याकडे इरलं नाही तो गोणपाटाची खोळ करायचा. आजोबा बांधावर टेकले की त्यांचा काळू हळूच इरल्याखाली शिरायचा. मग एका इरल्यातून दोन तोंडं बाहेर, दोघांच्याही मिशांवरून पाणी गळतंय. तेव्हा फोटोसाठी माणूस बोलावणं सोडाच, अख्ख्या गावात कॅमेरा नव्हता. सूनबाईंना मी हे सांगितलं, तर त्यांनी लगेच विचारलं, “काकू, इरलं मिळेल का हो अजून?” आता बोला.

बाकी आपल्या कॉलनीत ही साथच आलीये बरं का. समोरच्या इमारतीतले ते नवे लोक नाहीत का, पगवाले? डिसेंबरात महाबळेश्वरला गेले होते. पग आणि नवराबायको, तिघांना सारखी फुगीर जाकिटं. पहाटे ठीक होतं, पण 11 वाजता ऊन आलं तरी फोटो संपेनात. पगाचं नाक आधीच चपटं, श्वास अपुरा, आणि कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंज्यांना. बाकी सगळी उष्णता जीभ बाहेर काढून धापा टाकूनच घालवायची. त्यात जाकीट. जीभ जांभळी पडायला लागली तेव्हा कुठे यांना सुचलं, अन् जाकीट काढून सावलीत पाणी मारलं. वाचला बिचारा. आणि वरच्या मजल्यावरचा तो हस्की! पुण्यात 12 अंशांवर थंडी आली की त्याला स्वेटर. अहो, तो जन्मजात रजई पांघरून आलाय. तुम्हाला थंडी वाजते म्हणून त्याला कशाला? स्वेटर घालायचाच तर वॉचमनच्या म्हाताऱ्या राजाला घाला. आखूड केसांचा, हडकुळा, 13 वर्षांचा. पहाटे थरथरत बसलेला असतो. त्याच्याबरोबर मॅचिंग फोटो काढायला मात्र कुणी पुढे येत नाही. वहिनी म्हणाल्या, वॉचमनची आणि राजाची दोघांची कानटोपी मी विणते. विणतील त्या. लोकर माझ्याकडून जाणार, हेही मला माहीत आहे.

आता रविवारचा बेत. पहाटे 6 ला निघायचं, म्हणजे गर्दी नसते. टेकडीवर मोर आहेत, तेव्हा बुंदीचा पट्टा सोडायचा नाही. तिच्या कोटाला पाठीवर साखळी बाहेर काढायला भोक आहे, ते मास्टरांनी काजं घालून पक्कं केलंय. साचलेल्या डबक्यातलं पाणी प्यायला द्यायचं नाही. उंदरांच्या मुताने लेप्टो होतो, कुत्र्यालाही आणि माणसालाही. लस झालीये तिची, तरी नाही. सूनबाईंच्या पायाला कुठे खरचटलं असेल तर त्यांनीही डबक्यात बसायचं नाही, नुसत्या चिखलात बसायचं. फोटो 20 मिनिटं. तेवढ्यात मिळाला तर मिळाला, आणि जांभया सुरू झाल्या तर त्याआधीच आवरतं. बुंदीने वर बघावं म्हणून भाचा तोंडाने चिमणीचा आवाज काढणार आहे. मात्र तो तीनदाच चालतो, चौथ्यांदा कुत्रं ओळखतं. आणि ती अंग झाडायला लागली की त्याने बोट दाबून ठेवायचं, सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या वेगाने. थेंब हवेत जागच्या जागी थांबतात म्हणे. माझं मत विचाराल तर फोटो तोच येणार, बाकीचे सगळे नुसते काढायचे.

घरी आल्याबरोबर कोट काढून टॉवेलने पोट, बगला आणि बोटांमधलं कोरडं करायचं. ओल्या अंगावर रेनकोट राहिला तर आत वाफ धरते आणि कातडीला खाज सुटते. टॉवेल जुना काढून ठेवा, वहिनी, नवीन नको. आणि दादांना म्हणावं, पेपर आल्यावर निघू, पण या. छत्री कुणीतरी कॅमेऱ्यावर धरायला पाहिजे.

भजी मी करते. पण बटाट्याची आणि ओव्याच्या पानांचीच करणार, भाच्याने कितीही तोंड वाकडं केलं तरी. कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, आणि बुंदी कुणाच्या ताटातून काय उचलेल याचा भरवसा तिच्या बारशापासूनच नाही.